कंपवाताचा रुग्ण दारातच का अडतो? संगणकातल्या मेंदूचं उत्तर

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स. इंग्लंडचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. हात थरथरणं हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं लक्षण. पण अंग ताठरणं, हालचाल मंदावणं, अक्षर बारीक होत जाणं आणि चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखा वाटणं हीसुद्धा त्याचीच लक्षणं. काही रुग्णांचा हात थरथरतच नाही. मग घरचे म्हणतात, ‘वय झालं’ किंवा ‘आळस करतात’. निदान तिथंच लांबतं.

बिघाड कुठे?

मेंदूच्या तळाशी डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या हळूहळू मरतात. हालचाल सुरू करणारा एक मार्ग आणि रोखणारा दुसरा, यांचा तोल डोपामिन सांभाळतं. ते कमी झालं की रोखणारा मार्ग वरचढ होतो. हँडब्रेक ओढलेला ट्रक तवंदी घाट चढवावा, तशी गत. इंजिन चालू, गाडी जागेवर.

संगणकात काय केलं?

जिवंत मेंदूत हे मार्ग उलगडून बघता येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ ते गणितात मांडतात आणि संगणकावर चालवतात. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. श्रीनिवास चक्रवर्ती यांचा गट हे काम करतो. या गटानं ऑस्ट्रेलियातील संशोधकांसोबत २०१४ मध्ये अरुंद दारातून जाणाऱ्या रुग्णाच्या चालीचं मॉडेल प्रसिद्ध केलं. मॉडेलमधलं डोपामिन घटवलं, तेव्हा दाराजवळ पावलं आखूड झाली. रुग्णांचंही नेमकं असंच होतं. म्हणजे दोष पायात नाही आणि मनातही नाही.

हे मॉडेल म्हणजे उपचार नव्हे. त्यावरून निदानही होत नाही. बिघाड कसा होतो, हे समजायला त्याची मदत होते.

घरच्यांनी काय करावं?

दारात अडलेल्या माणसाला ओढू नये, घाई करू नये. थांबू द्यावं, ‘एक, दोन’ मोजून पाऊल टाकायला सांगावं. फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर अनेकांना पाऊल उचलणं सोपं जातं. लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी द्यावी, मनानं बंद करू नये. खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. त्याचं चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

मराठीतून माहिती आणि आधार हवा असेल, तर पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व कुटुंबीयांसाठी काम करतं.