नागपाड्याचा बास्केटबॉल : एका वस्तीची वाटचाल

खेळण्याचे पैसे मिळालेला पहिला बास्केटबॉल सामना १८९६ साली अमेरिकेतल्या ट्रेंटनला झाला, असे सर्वसाधारणपणे मानतात. जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएत हा खेळ १८९१ मध्ये काढला, त्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती. ट्रेंटनच्या खेळाडूंचे तिथल्या वायएमसीएशी बिनसले. मग त्यांनी एक सभागृह भाड्याने घेतले, तिकीट लावले आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे वाटून घेतले. माणशी १५ डॉलर आले म्हणतात.

मुंबईत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. इथे खेळ आणला मिशनऱ्यांनी, जोपासला वायएमसीएने आणि पोसला नोकरीने.

१८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या, ‘ज्ञानोदय’ नियतकालिक चालवणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मनशार्ट १९२५ साली इथे आले. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात, दाटीवाटीच्या कामगार वस्तीत, त्यांच्या पुढाकाराने ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभे राहिले. वस्तीतल्या माणसांसाठी आरोग्य, शिक्षण, व्याख्याने, खेळ असा त्याचा पसारा होता. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क याच इमारतीत सुरू झाले आणि मनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. संस्था पुढे देवनारला गेली, बास्केटबॉल मात्र नागपाड्यातून हलला नाही.

न हलण्याचे कारण साधे आहे. क्रिकेटला मैदान लागते. बास्केटबॉलला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद एवढी सपाट जागा, दोन रिंगा आणि एक चेंडू मिळाला की दहा जण खेळतात. जिथे माणसालाच जागा अपुरी, तिथे हाच खेळ रुजणार. नागपाड्यातल्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर प्रशिक्षक बचू खान यांनी वस्तीतल्या पोरांच्या पिढ्या घडवल्या. आज महापालिकेच्या क्रीडांगणाला त्यांचे नाव आहे. याच वस्तीतले गुलाम अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले.

पण पोट कशावर भरायचे? लीग नव्हती, करार नव्हते. होते ते रेल्वे, बँका, सरकारी खाती आणि मोठ्या कंपन्यांचे संघ. चांगला खेळणारा मुलगा खेळाडू कोट्यातून नोकरीला लागायचा, हजेरी कचेरीत आणि घाम कोर्टवर. कागदोपत्री तो हौशी खेळाडू, पण घर चालायचे ते खेळामुळे मिळालेल्या पगारावर. आपल्याकडचा पहिला ‘व्यावसायिक’ तोच, असे मी म्हणतो. ट्रेंटनच्या गड्याला सामना झाला की पैसे मिळत. आपल्याकडच्याला गुडघा गेल्यावरही पगार आणि निवृत्तीनंतर आधार मिळे. म्हणून उंच पोराच्या आईबापांनी रिंगेकडे नोकरीचा दाखला म्हणून पाहिले, यात नवल नाही.

ही रीत अजून टिकून आहे. पुण्याच्या शिरीन लिमये रेल्वेकडून खेळल्या आणि भारताच्या कर्णधार झाल्या. दक्षिण रेल्वेच्या गीतु अन्ना जोस २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रिंगवूड हॉक्सकडून खेळून आल्या.

करारावर खेळणे इथे खऱ्या अर्थाने २०१५ मध्ये आले. त्या वर्षी पंजाबच्या सतनामसिंगला डॅलस मॅव्हेरिक्सने अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या निवडीत ५२ व्या क्रमांकावर घेतले, आणि त्याच वर्षी इथे यूबीए लीग सुरू झाली. तीत ‘मुंबई चॅलेंजर्स’ होते, ‘पुणे पेशवाज’ही होते. सतनामला एनबीएच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना मिळाला नाही आणि यूबीए २०१७ नंतर बंद पडली. पुढे २०२२ मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या मान्यतेने आयएनबीएल ही लीग आली. लीग येतात, जातात. ज्याच्या हातात नोकरी असते तो तरतो.

सुरतच्या लिंबायतमध्ये हे सारे सांगायचे ते एवढ्यासाठी की नागपाड्याचे वर्णन इथल्या माणसाला परके वाटणार नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या गाडीने आलेली घरे, लूमवरची बारा तासांची पाळी, अरुंद गल्ल्या आणि महापालिकेच्या मराठी शाळा. एखाद्या शाळेच्या आवारात २८ बाय १५ मीटर जागा निघू शकते. नागपाड्याला आधी कोर्ट मिळाले, मग रोज संध्याकाळी येणारा प्रशिक्षक, मग नोकऱ्या, आणि सगळ्यात शेवटी लीग. क्रम उलटा करून वस्तीत खेळाडू निपजणे अवघड. तेव्हा मागायचे असेल तर नगरसेवकाकडे आधी कोर्ट मागावे, आणि त्याच अर्जात प्रशिक्षकाचा पगारही.