मुल्ला गेला, चोर राहिला

मुल्ला नसरुद्दिनाच्या गोष्टी आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकल्या असतील. हा मुल्ला एकदा पडद्यावर यावयाचा होता. तो आला नाही. त्याच्यासाठी हजारो चित्रे काढली गेली, पण त्यांतील फारच थोडी लोकांच्या दृष्टीस पडली. इतिहास म्हटला की लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु अपुऱ्या राहिलेल्या कामांनाही इतिहास असतो, आणि आज तोच आम्ही आपणांपुढे मांडणार आहो.

रिचर्ड विल्यम्स हा १९३३ साली कॅनडातील टोरांटो येथे जन्मलेला चित्रकार. १९५८ सालच्या 'द लिटल आयलंड' या छोट्या कार्टूनपटाने लंडनमध्ये त्याचे नाव झाले. इद्रिस शाह या लेखकाने इंग्रजीत आणलेल्या नसरुद्दिनाच्या कथांसाठी त्याने चित्रे काढली, आणि १९६४ च्या सुमारास त्यांतूनच पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा संकल्प झाला. पाठीशी धनिक कोणी नव्हता. विल्यम्सची चित्रशाळा जाहिराती व इतरांच्या चित्रपटांची शीर्षके तयार करी, आणि त्या मिळकतीवर हा मुल्ला पोसला जाई.

हे काम किती कष्टाचे, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करू. चित्रपटाच्या फितीवर दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. कार्टूनपट काढणारे बहुधा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात. डोळ्याला तेवढे पुरते. विल्यम्सला ते पुरेना. चौकटीगणिक नवे चित्र हवे, हा त्याचा आग्रह. म्हणजे एका पात्राच्या एका मिनिटाच्या हालचालीला १,४४० चित्रे! त्यासाठी केन हॅरिससारखे मुरलेले अमेरिकन कारागीर त्याने लंडनला बोलावले व त्यांच्यापुढे स्वतः विद्यार्थी होऊन बसला. वजिराच्या पात्राला व्हिन्सेंट प्राइस या विख्यात नटाने आवाज दिला.

आणि मग, १९७० नंतरच्या दोनतीन वर्षांत, व्यवहारावरून शाह मंडळींचे व विल्यम्सचे बिनसले. भागीदारी मोडली आणि नायकच चित्रपटातून बाहेर पडला. विल्यम्सच्या स्वतःच्या कल्पनेतले पात्र, एक मुका चोर, तेवढे त्याच्यापाशी राहिले. त्याच्या जोडीला एक मोची आला, नवी कथा रचली गेली, आणि नसरुद्दिनाचे चित्रण निरुपयोगी ठरले. ते सुमारे तीन तासांचे होते, असे सांगतात. १९६० नंतरच्या दशकात विल्यम्सवर एक माहितीपट निघाला होता. त्यात ओझरते दिसणारे काही तुकडे, एवढाच त्या मुल्लाचा आज मुख्य मागमूस.

पुढील हकीकत अधिक प्रसिद्ध आहे. १९७८ साली एका सौदी राजपुत्राने नमुन्याच्या भागासाठी पैसा दिला. काम अप्रतिम झाले, पण मुदत टळली. १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या चित्रपटाने विल्यम्सला ऑस्कर पारितोषिके मिळाली व त्या जोरावर वॉर्नर ब्रदर्स कंपनीशी करार झाला. मुदत पुन्हा टळली. मे १९९२ मध्ये, पंधराएक मिनिटांचे काम उरले असता, चित्रपट त्याच्या हातून काढून घेण्यात आला. इतरांनी तो कापला, त्यात गाणी घातली, मुक्या पात्रांच्या तोंडी आवाज घातले आणि १९९३ व १९९५ साली वेगवेगळ्या नावांनी प्रदर्शित केला.

दोष कोणाचा? पैसा देणाऱ्याने मुदत मागावी हे गैर नव्हे. आणि अठ्ठावीस वर्षे ज्याला आपले काम पुरे करता आले नाही, तो केवळ निर्दोष बळी होता असेही आम्ही म्हणणार नाही.

परंतु या कथेतील दोन नाशांत एक मोठा फरक आहे. १९९२ सालची कच्ची प्रत हातोहात फिरली. चाहत्यांनी व्हिडिओ फितींवर तिच्या नकला केल्या, आणि २००६ साली एकाने त्यांतून मूळ कल्पनेच्या जवळ जाणारी जुळणी केली. डिसेंबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिस येथे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ती कच्ची प्रत विल्यम्सच्या उपस्थितीत दाखविली. २०१९ साली तो वारला, पण त्याचा चोर वाचला. मुल्लाला मात्र असा वाली मिळाला नाही. पुरे झालेल्या कामाला मालक असतो. मोडलेल्या भागीदारीतील कच्च्या कामाला दोघेही विसरतात.

आपल्याकडे निराळे घडले असे समजू नये. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या पडद्यावर नाचविल्या होत्या. तो 'आगकाड्यांची मौज' आज उपलब्ध नाही. विल्यम्सने मुल्लाला हात घातला त्याच १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर फाळक्यांच्या कितीतरी फिती नाहीशा झाल्या होत्या. सरकारी संग्रहालय आपल्या माळ्यावर येऊन शोध घेणार नाही. तेव्हा गावच्या नाटक मंडळीची खाडाखोड केलेली वही, अर्धवट रंगविलेला पडदा किंवा एखादे गंजलेले रिळाचे डबडे कोणाच्या घरी असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तागडीत घालण्यापूर्वी जाणत्या माणसाला एकदा दाखवावे, एवढीच आमची विनंती आहे.