निसटलेले चाक

कैकेयीच्या दोन वरांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवासुरांच्या युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ गळून पडली, तेव्हा तिच्या भोकात कैकेयीने हात घातला आणि चाक जागेवर राखले. कीर्तनकार हाताऐवजी बोट म्हणतात. वाल्मीकींच्या रामायणात हा खिळीचा प्रसंग नाही. तो अध्यात्मरामायणात आहे. पण ज्याने तो रचला त्याला गाडीची चांगली माहिती असली पाहिजे, कारण खीळ पडल्याचा राजाला पत्ताच नव्हता असे तो सांगतो. चाक मोडायचे असले तर लाकूड आधी कुरकुरते. निसटणारे चाक बहुधा बोलत नाही.

ऋग्वेदात या खिळीला 'आणि' असा शब्द आहे. बोटभर वस्तू, पण ऋषींना तिची उपमा द्यावीशी वाटली. आपल्याकडचा बैलगाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीला टांगून ठेवी आणि वाटेत थांबला की चाकाच्या तोंडाशी हात फिरवी, तो याच खिळीसाठी.

एवढे करूनही चाक गेले तर दोष कोणाचा? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात याचा चक्क विचार केलेला आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक मोडले, अशा दहा प्रसंगी गाडीवानाला, आत बसलेल्याला किंवा मालकाला दंड नाही. मात्र गाडीवान अडाणी असल्यामुळे गाडी भलतीकडे जाऊन कोणाला इजा झाली, तर मालकाला दोनशे पण दंड. गाडीवान जाणता असेल तर दंड त्याचा त्याला. आणि अडाण्याच्या गाडीत बसले म्हणून उतारूंनाही प्रत्येकी शंभर! एस्टीच्या उतारूंनी हे वाचू नये. असो. मोडलेले चाक मनूने दैवाच्या खाती टाकले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मोटार-ट्रकच्या चाकाला ती खीळ उरली नाही. तिच्या जागी आठ-दहा बोल्ट आणि त्यांवरचे नट आले. नट पुरता आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, आणि त्या ताणानेच चाक तुंब्याला घट्ट दाबून धरले जाते. चाक बदलताना मध्ये गंज, चिखल किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर काही मैलांनी तो चिरडतो, ताण कमी होतो, चाक कणभर सरकू लागते आणि नट फिरू लागतात. म्हणून चाक बसवल्यावर शे-दीडशे किलोमीटरच्या आतच नट पुन्हा आवळावे लागतात. पान्याला लांब नळी लावून अंगाच्या जोराने आवळणाराही धोक्याचाच, कारण अती ताणलेला बोल्ट पुढे तुटतो. शिवाय चाकाच्या बेअरिंगला वंगण नसेल तर नट शाबूत असूनही तुंब्यासकट चाक निघते.

गाडी पुढे जाताना डावीकडची चाके बाहेरून पाहणाराला घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसतात. म्हणून इंग्रज कारखानदार डाव्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे पाडीत. पुढे आंतरराष्ट्रीय मापे आली, सगळीकडे सुलटे आटे झाले, आणि ब्रिटनमध्ये निसटणारी चाके बहुतांशी डावीकडची, मागची निघू लागली. आट्यांमुळे की त्या बाजूच्या वळणांच्या ताणामुळे, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. २००६ सालच्या तिथल्या एका पाहणीत वर्षाकाठी १५० ते ४०० चाके निसटतात आणि त्यांपायी तीन ते सात प्राणघातक अपघात होतात, असा अंदाज दिलेला आहे.

आकडा लहान वाटेल. पण टायरसह सुमारे १०० किलोचे चाक ताशी ९० किलोमीटर वेगाने सुटले, तर त्याचा आघात दहा मजली इमारतीवरून ते खाली टाकल्याइतका होतो; फिरण्यातला जोर निराळाच. ट्रकचा वेग कमी झाला तरी सुटलेले चाक कमी करीत नाही. ते उसळ्या घेत पुढे जाते, मधला दुभाजक ओलांडते आणि समोरून येणाऱ्या परक्या माणसाच्या काचेवर आदळते.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात नेमके हेच झाले. १९९५ सालच्या पहिल्या काही महिन्यांत ट्रकच्या उडालेल्या चाकांनी तिथल्या हमरस्त्यांवर दोन निरपराध मोटारवाल्यांचा बळी घेतला. चौकशी झाली, वर्तमानपत्रे पेटली, आणि १९९७ साली प्रांताने कायदाच केला : धंद्याच्या गाडीचे चाक हमरस्त्यावर निसटले की गाडी चालविणारी कंपनी आणि गाडीचा मालक दोषी. दंड २,००० ते ५०,००० डॉलर. 'आम्ही सगळी काळजी घेतली होती' हा बचाव चालणार नाही! म्हणजे मनूने जिथे सोडले, तिथेच ओंटारिओने धरले.

हे अन्यायाचे आहे, निर्दोषालाही यात शिक्षा होऊ शकते, म्हणून वाहतूक कंपन्या कोर्टात गेल्या. २००३ साली तिथल्या अपील कोर्टाने कायदा उचलून धरला. या कलमाखाली कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, तेव्हा नागरिकाच्या मूलभूत स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, असे कोर्टाचे म्हणणे.

मला तो निकाल पटतो. कायदा कठोर आहे, यात शंका नाही. काळजी घेऊनही दंड भरणाऱ्या एखाद्या मालकाची हळहळही वाटते. पण समोरच्या मोटारीत बसलेल्याला त्या ट्रकच्या नटांना हात लावण्याची सोय नव्हती. मालकाला होती, आणि रात्री उशिरा माल पोचवण्याच्या घाईत फिटरला 'राहू दे, उद्या पाहू' असे सांगण्याचा अधिकारही त्याचाच.

आता पुष्कळ देशांतल्या ट्रकांच्या नटांवर पिवळ्या प्लास्टिकचे लहान बाण बसवलेले दिसतात. शेजारच्या दोन नटांचे बाण एकमेकांकडे तोंड करून लावतात. नट जरा फिरला की बाणाचे तोंड वळते, आणि पाना न घेता नुसत्या नजरेने ते ओळखता येते.