रंधा मशीन, पताम आणि तुमची बोटे

दाराचा पल्ला चौकटीत बसावा म्हणून लाकडाच्या कडेला पायरीसारखी जी खाच काढतात, तिला सुतार 'पताम' म्हणतात. पूर्वी ती हाताच्या पताम रंध्याने निघे. तुम्ही वैतरणा, सफाळे किंवा बोईसरकडे सुतारकाम करत असाल, तर तीच खाच विजेच्या रंधा मशीनवर झटपट काढण्याचा मोह होतो. या कामात बोटे का जातात, हे समजायला थोडा इतिहास पाहू.

चौकोनी दांडा

यंत्राने लाकूड रंधण्याचे पेटंट इंग्लंडच्या सॅम्युअल बेंथॅम यांनी 1791 मध्ये घेतले. पुढे हाताने लाकूड सरकवायची मशीन आली, तेव्हा पाती चौकोनी दांड्यावर बसवत. दांड्याचे कोपरे फिरताना टेबलाच्या कडेशी मोठी पोकळी उघडे. हात घसरला की बोटे त्या पोकळीत खोल ओढली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल दांडा आला. त्यात पोकळी फार लहान असल्याने जखम उथळ होऊ लागली. ब्रिटनने 1922 च्या नियमांत अशा मशीनला गोल दांडा सक्तीचा केला.

आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने फिरते धोकादायक भाग झाकणे बंधनकारक केले. पण हा कायदा ठरावीक संख्येच्या वरच्या कारखान्यांसाठी होता. दोन-तीन माणसांचा सुतारखाना त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

डॉक्टर काय करू शकतात?

जपानमध्ये 1965 साली कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून परत जोडला. तेव्हापासून 'तुटलेले बोट जोडता येते' ही आशा रूढ झाली. करवतीने किंवा कोयत्याने तुटलेला तुकडा बहुधा हाती लागतो. रंधा मशीनचा दांडा मात्र मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो बोट कापत नाही, तासतो. त्वचा, नस, हाड यांचा भुसा होतो. बरेचदा जोडायला तुकडाच उरत नाही. म्हणून इथे खरा उपचार अपघाताआधीच होतो.

पताम काढताना धोका का वाढतो?

सपाट रंधताना पात्यांवर झाकण ठेवता येते. पताम काढताना बहुतेक मशीनवर ते काढावे लागते. ब्रिटनच्या 1974 च्या नियमांनी म्हणूनच, पाती नीट झाकली नसतील तर या मशीनवर पताम काढायला मनाई केली.

तुमच्यासाठी सोपा मार्ग: पताम राउटरवर किंवा हाताच्या रंध्याने काढा. रंधा मशीनवरच काढायची असेल तर आधार-पट्टी अशी लावा की पतामीच्या रुंदीएवढेच पाते उघडे राहील. एका फेरीत थोडेच लाकूड काढा. आखूड तुकडा धरू नका. ढकलायला लाकडी ठोकळा वापरा. हातमोजे नकोत, ते पात्यात ओढले जातात.

अपघात झालाच तर

- मशीन बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा. हळद, तंबाखू लावू नका.
- तुकडा मिळाला तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात नको.
- रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.
- निघण्याआधी फोन करून बोट जोडणारे सर्जन कुठे आहेत ते विचारा. चुकीच्या ठिकाणी गेलेला तास परत मिळत नाही.
- धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.