कळफलक, यांत्रिक : इतिहास, संग्रह व जीर्णोद्धार

कळफलक, यांत्रिक : बोटाने दाबलेल्या कळीची हालचाल तरफ, स्प्रिंग किंवा स्वतंत्र स्विच यांच्या साहाय्याने अक्षरात अथवा विद्युत् संकेतात रूपांतरित करणारी लेखनयंत्रणा. टंकलेखन यंत्राचा कळफलक आणि प्रारंभीच्या संगणकांचा प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेला कळफलक या दोहोंचा समावेश या वर्गात होतो. उत्पादन थांबलेले असे कळफलक शोधून जमविणे, त्यांची नोंद ठेवणे व ते पुन्हा कार्यक्षम करणे हा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभर वाढत गेलेला छंद आहे. महाराष्ट्रापुरता विचार केल्यास त्याला छंदापलीकडचे महत्त्व आहे. देवनागरी लिपी यंत्रावर बसविण्यासाठी झालेल्या दीर्घ खटाटोपाचा पुरावा या वस्तूंत साठविलेला असून तो झपाट्याने नाहीसा होत आहे.

टंकलेखन यंत्राचा कळफलक : अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स यांनी कार्लोस ग्लिडन व सॅम्युएल सूल यांच्या समवेत १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचे एकस्व मिळविले. रेमिंग्टन या बंदुका तयार करणाऱ्या कारखान्याने त्याचे उत्पादन हाती घेऊन १८७४ मध्ये ते बाजारात आणले. प्रारंभी त्यावर केवळ मोठी रोमन अक्षरे उमटत. १८७८ च्या सुधारित यंत्रात एकाच दांडीवर दोन अक्षरखिळे बसवून त्यांपैकी हवा तो निवडणारी जोडकळ आली व त्यामुळे कळांची संख्या न वाढविता चिन्हांची संख्या दुप्पट झाली. या व्यवस्थेत सामान्यपणे ४४ ते ४६ कळा, म्हणजे ८८ ते ९२ चिन्हे मावतात. रोमन लिपीला ती पुरेशी आहेत. देवनागरीला ती अपुरी पडतात, कारण स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे, अर्धी व्यंजने, रफाराचे प्रकार आणि अंक मिळून चिन्हांची संख्या याहून बरीच अधिक होते.

देवनागरीचा प्रश्न : या अडचणीवर यंत्रकर्त्यांनी योजलेला उपाय चातुर्याचा होता. उभा दंड असलेल्या काही अक्षरांचे फक्त अर्धे रूप कळीवर घेतले. पूर्ण अक्षर हवे असल्यास त्यापुढे काना उमटवावयाचा. साहजिकच कान्याची कळ वारंवार दाबली जाई. अनुस्वार, मात्रा, उकार ही चिन्हे अचल कळांवर असत. त्या दाबल्या असता कागदाचा वाहक पुढे सरकत नसे व चिन्ह अक्षराच्या वर किंवा खाली नेमके बसे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली, तरी यंत्रावर ती आधी उमटवावी लागे. म्हणजे टंकलेखक उच्चाराच्या क्रमाने लिहीत नसून डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने लिहीत असे. हीच पद्धत पुढे ‘रेमिंग्टन कळफलक’ या नावाने रूढ झाली.

यंत्राला लिपी जुळत नसेल तर लिपीतच बदल करावा, असाही एक विचारप्रवाह होता. १९३५ मध्ये इंदूर येथे म. गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनानंतर नागरी लिपीच्या सुधारणेचे कार्य काका कालेलकर यांच्याकडे आले. मूळचे सातारचे व मराठीभाषक असलेल्या कालेलकरांचा वर्ध्याशी निकटचा संबंध होता. वर्धा येथे १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपल्या प्रकाशनांत ‘अ’ या अक्षरालाच स्वरचिन्हे जोडून अि, अी, अु, अू, अे अशी स्वरांची रूपे वापरली. मराठीत वि. दा. सावरकर यांनी याच स्वरूपाच्या लिपिशुद्धीचा पुरस्कार केला आणि किर्लोस्कर मासिकाने ती अनेक वर्षे छापून दाखविली. या सुधारणेचा यांत्रिक लाभ उघड आहे. इ, ई, उ, ऊ, ए यांच्या कळा मोकळ्या होऊन त्या जागी इतर चिन्हे बसविता येतात. संविधान सभेच्या काळात, १९४८ मध्ये, टंकलेखन यंत्र व लघुलेखन यांच्या प्रमाणीकरणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही कालेलकरांकडेच होते. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे देण्याची सूचना केली; तथापि ती लोकांच्या पचनी न पडल्याने १९५७ मध्ये मागे घेण्यात आली. वाचकांच्या सवयीपुढे यंत्राची सोय टिकली नाही, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

भारतीय उत्पादन : मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस या कंपनीने १९५५ मध्ये आपले पहिले टंकलेखन यंत्र तयार केले. हजारांहून अधिक बारीक भाग असलेले हे यंत्र देशात घडविणे ही त्या काळी अभियांत्रिकीची कसोटीच होती. रेमिंग्टन, हाल्डा व फॅसिट या नावांची यंत्रेही भारतात तयार होत. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमामुळे शासकीय कामकाजात मराठीचा वापर वाढला व मराठी यंत्रांची गरजही वाढली. तालुक्याच्या गावापर्यंत टंकलेखन संस्था निघाल्या. मिनिटास ३० व ४० शब्दांच्या शासकीय प्रमाणपत्राने असंख्य तरुणांना, आणि विशेषतः तरुणींना, लिपिकाच्या नोकरीचे दार उघडून दिले. गोदरेज कंपनीने २००९ मध्ये, सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे चालू असलेले हे उत्पादन थांबविले. महाराष्ट्रात टंकलेखन यंत्रावरील शासकीय परीक्षाही २०१७ मध्ये बंद होऊन संगणकावरील परीक्षेने तिची जागा घेतली.

संगणकाचा कळफलक : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकास माहिती पुरविण्यासाठी छिद्रित कागदी फीत वापरीत. कळफलक व संगणक यांचा थेट संबंध कार्यालयीन जीवनात आला तो १९८० नंतर. आयबीएम कंपनीच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या ‘मॉडेल एफ’ कळफलकात कळ दाबल्यावर तिच्याखालची स्प्रिंग एकाएकी वाकते व तळाची पट्टी कलते. पट्टीमुळे विद्युत् धारणेत होणारा बदल मंडल ओळखते. १९८५ च्या ‘मॉडेल एम’ मध्ये स्प्रिंग तीच ठेवून खाली स्वस्त पातळ पटल बसविण्यात आले. जर्मनीतील चेरी कंपनीचे स्वतंत्र स्विच याच दशकात प्रसृत झाले. भारतात टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ‘गोल्ड’ या कळफलकामुळे ते बँका, तिकीटखिडक्या व अक्षरजुळणीची दुकाने येथे परिचित झाले. कळ बसल्याची खूण बोटाला व कानाला एकाच वेळी पटते, हा या सर्वांचा समान गुण असून टंकलेखन यंत्रावर तयार झालेल्या हातांना तो विशेष मानवला.

देवनागरीसाठी मात्र या टप्प्यावर पद्धतच बदलली. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली मोहन तांबे यांनी केलेल्या कार्यातून ‘जिस्ट’ तंत्र निर्माण झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाल्यावर ते तेथे वाढले. इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये पुरस्कृत केलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असून लेखन उच्चारक्रमाने होते. अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे संगणक स्वतः जुळवितो. लिपीच्या शास्त्राला हा क्रम अनुरूप होता, पण वीस वर्षे रेमिंग्टन पद्धतीवर चाललेल्या हातांना तो परका होता. त्यामुळे अक्षरजुळणीच्या अनेक मराठी संगणकप्रणालींनी जुना कळफलक चालू ठेवला. त्यांपैकी बऱ्याच प्रणाल्यांत अक्षरांऐवजी अक्षरांचे तुकडेच साठविले जात. अशा धारिका मूळ टंकाशिवाय आज अर्थहीन चिन्हांच्या रांगा दिसतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्याला कोणत्या कळीवर कोणता तुकडा होता हे ठाऊक असावे लागते. जुना कळफलक हा येथे कुलपाच्या किल्लीसारखा उपयोगी पडतो.

संग्रह : संग्राहक प्रामुख्याने मोडीत निघालेल्या कार्यालयीन सामानातून, बंद पडलेल्या टंकलेखन संस्थांतून व दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांकडून वस्तू मिळवितात. मुंबईत विक्रोळी येथील गोदरेज अभिलेखागाराने टंकलेखन यंत्रांचा वारसा जपण्याकडे लक्ष पुरविले असून भारतातील टंकलेखन यंत्राचा इतिहास सांगणारा एक सचित्र ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तथापि बहुसंख्य यंत्रे लोखंडाच्या भावाने भंगारात जातात. काहींच्या कळा कापून त्यांची आभूषणे करण्यात येतात व उरलेले यंत्र निरुपयोगी ठरते. संग्रहातील प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, उत्पादक, कळांची मांडणी, मिळाल्याचे स्थान व पूर्वीचा वापर यांची नोंद असणे आवश्यक आहे. अशी नोंद नसलेले यंत्र केवळ शोभेची वस्तू ठरते.

जीर्णोद्धार : टंकलेखन यंत्राची दुरुस्ती साफसफाईपासून सुरू होते. अक्षरखिळ्यांत साचलेली शाई स्पिरिट व ताठ कुंचल्याने काढतात. खिळ्यांच्या दांड्या ज्या खाचांतून हलतात तेथे तेल घालणे टाळतात, कारण तेलावर धूळ बसून दांड्या अडखळू लागतात. कठीण झालेल्या रबरी रुळावर नवे रबर चढवितात आणि वाहक ओढणारा तुटलेला पट्टा बदलतात. संगणकाच्या कळफलकाचे दोष वेगळे असतात. ॲक्रिलोनायट्राइल-ब्युटाडाइन-स्टायरीन या प्लॅस्टिकची आवरणे जंबुपार किरणांनी पिवळी पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड व प्रकाश यांच्या साहाय्याने त्यांचा मूळ रंग बराचसा परत येतो, परंतु प्रक्रिया अधिक झाल्यास पृष्ठभाग ठिसूळ व डागाळ होतो. मॉडेल एमच्या पाठीमागचे प्लॅस्टिकचे रिव्हेट तुटतात, तेव्हा त्यांच्या जागी बारीक बोल्ट घालतात. मॉडेल एफमधील फेसाचा थर कुजून भुगा होतो, तो नव्याने बसवावा लागतो. जुन्या जोडण्यांचे संकेत आधुनिक संगणकास कळावेत म्हणून मध्ये एक रूपांतरक जोडतात.

यांपैकी कोणतीही कृती तांत्रिक दृष्ट्या दुष्कर नाही. खरी कसोटी विवेकाची आहे. मराठी यंत्राचा एखादा खिळा तुटला, तर हिंदी यंत्राचा खिळा सहज मिळतो आणि तो बसविण्याचा मोह होतो. परंतु सामान्यतः हिंदी यंत्रावर ‘आचाऱ्यास’ या शब्दातील रफार नसतो. ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ यांतील भेद ज्या लहानशा खुणेने राखला जातो, तीच अशा दुरुस्तीत पुसली जाते. यंत्र पुन्हा चालू लागते. पण ते मराठी यंत्र राहत नाही. म्हणून मूळ खिळा मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवावी, बदललेला प्रत्येक भाग नोंदवावा, मूळ रंगावर नवा रंग चढवू नये आणि झिजलेली कळ झिजलेलीच राहू द्यावी, हे जाणत्या संग्राहकाचे नियम आहेत. ती झीज कोणा टंकलेखकाच्या कामाची साक्ष असते.

लेखनाची साधने बदलत राहणे अपरिहार्य आहे व त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. मात्र लिपीने यंत्राशी केलेली तडजोड, तिने नाकारलेल्या सूचना आणि त्या काळातील लेखकांच्या बोटांना लागलेले वळण हे सर्व ग्रंथांत पूर्णपणे नोंदविलेले नाही. त्याचा काही भाग केवळ या कळांवर वाचता येतो. तो वाचू शकणारे टंकलेखक व कारागीर वयोवृद्ध होत असल्याने यंत्रांबरोबरच त्यांच्या माहितीचे संकलन करणे हेही जीर्णोद्धाराचेच अंग मानले पाहिजे.