पंचेचाळीस अक्षरांचा आजार

मागच्या वेळी आपण नाव आणि वस्तू यांच्या नात्याविषयी बोललो. आज त्याच प्रश्नाकडे इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांच्या वाटेने जाऊ. विषय गमतीचा वाटेल, पण तो तसा राहणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शाळकरी मुलांना असे शब्द पाठ करायला फार आवडतात. अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, अक्षरं २८. अर्थ काय, तर चर्चचं राजमान्य स्थान काढून घेण्याला विरोध. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, अक्षरं २९. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. 'क्षुल्लक' अशाच अर्थाने वापरले जाणारे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो बनला. विल्यम शेनस्टोन या कवीच्या १७४१ च्या पत्रात तो सापडतो. विद्वानांचा खेळ, दुसरं काही नाही.

आपल्याला थांबायचं आहे ते तिसऱ्या शब्दापाशी. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. अक्षरं ४५. धाप लागते ना? अर्थही फुप्फुसाचाच आहे: ज्वालामुखीतून येणारी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेल्यामुळे होणारा रोग. मात्र हा शब्द कुठल्याही डॉक्टरने घडवलेला नाही. १९३५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतल्या 'नॅशनल पझलर्स लीग' या कोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळाची बैठक भरली. मंडळाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तिथे हा शब्द मांडला, वर्तमानपत्राने छापला, आणि पुढे तो कोशांत शिरला. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी मात्र हा बनावट शब्द आहे, केवळ लांबीसाठी ओळखला जातो, असा शेरा मारून ठेवला. कोशकार लोक सभ्य असतात, पण फसत नाहीत.

आता या शब्दाची थोडी चिरफाड करू. शेवटचा तुकडा आहे 'कोनिओसिस'. ग्रीकमध्ये 'कोनिस' म्हणजे धूळ, आणि 'ओसिस' म्हणजे विकाराची अवस्था. हा 'ओसिस' एका मोठ्या कुटुंबाचं आडनाव आहे म्हणा ना. न्यूमोकोनिओसिस, धुळीने होणारा फुप्फुसाचा कोणताही विकार. अँथ्रॅकोसिस, कोळशाच्या धुळीचा. ॲस्बेस्टोसिस, ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा. बिसिनोसिस, कापसाच्या धुळीचा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आलं की छाती जड होते, ते याचं लक्षण. मुंबईच्या गिरणी कामगारांतही तो आढळला. या नावांकडे नीट पाहा. कोळसा, ॲस्बेस्टॉस, कापूस: नाव वाचलं की माणूस काय काम करत होता ते कळतं.

आणि सिलिकोसिस. त्या ४५ अक्षरांतून ३६ काढून टाका, 'सिलिको' आणि शेवटचं 'सिस' ठेवा. उरतो हा नऊ अक्षरांचा शब्द. दगड फोडणाऱ्यांचा, खाणीत आणि बोगद्यात उतरणाऱ्यांचा रोग. तो १९३५ मध्ये कोड्यात नव्हता, अमेरिकेतच माणसं मारत होता.

वेस्ट व्हर्जिनियात गॉली ब्रिजजवळ हॉक्स नेस्ट नावाचं ठिकाण आहे. १९३० मध्ये तिथे नदीचं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवायला सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला. काम युनियन कार्बाइडच्या एका उपकंपनीसाठी होतं (होय, भोपाळमुळे आपल्याला ठाऊक असलेलीच ती युनियन कार्बाइड). वाटेतल्या खडकात सिलिका भरपूर. पाणी मारत खोदलं तर धूळ बसते, पण काम मंदावते. म्हणून कोरडंच खोदलं. मजूर बहुतांश काळे, दक्षिणेतून पोटासाठी आलेले. त्यांना मास्क नव्हते. किती मेले याचा नक्की हिशेब लागत नाही. १९८६ मध्ये मार्टिन चर्निॲक या डॉक्टरने पुस्तक लिहून आकडा ७६४ च्या घरात असावा असा अंदाज मांडला. १९३६ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर साक्षी झाल्या, तेव्हा कुठे देशाला हे कळलं. तोवर मजुरांना काय सांगितलं जात होतं? न्यूमोनिया झालाय. नाहीतर 'टनेलायटिस', म्हणजे बोगद्याची बाधा! असला रोग वैद्यकात नाहीच.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचं कुतूहल जागं होतं. न्यूमोनिया म्हटलं की दोष जंतूचा. कोडेवाल्यांच्या शब्दात तर 'व्होल्कॅनो' आहे, म्हणजे दोष ज्वालामुखीचा. स्मिथ यांच्या मनात काही काळंबेरं होतं असं आपण मुळीच म्हणत नाही. त्यांना फक्त अक्षरं वाढवायची होती. पण वाढवलेल्या अक्षरांत नेमका डोंगर आला आणि ठेकेदार गेला. सिलिकोसिस म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, सिलिका कुठली, आणि ती उडू कुणी दिली? नुकसानभरपाईचा दावा त्याच प्रश्नावर उभा राहतो. न्यूमोनियावर तो उभा राहत नाही.

हे सगळं दूर अमेरिकेतलं, असं कुणाला वाटेल. आपल्यातल्या वयस्कर मंडळींनी पाटीवर अक्षरं गिरवली, ती पेन्सिल आठवते ना? मध्य प्रदेशातल्या मंदसौरला या पेन्सिलींचा मोठा धंदा होता. विजेच्या करवतीवर दगडाच्या कांड्या कापायच्या, आणि कापताना पांढरी धूळ तोंडावर. तिथल्या कामगारांना, तरुणांनासुद्धा, सिलिकोसिस कसा जडला, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तपासून नोंदवून ठेवलं आहे.