पिठ्या ढेकूण

पिठ्या ढेकूण किंवा मिलीबग हे हेमिप्टेरा गणाच्या स्यूडोकॉक्सिडी कुलातील रसशोषक कीटकांचे सामान्य नाव आहे. घरातील कुंड्या, गच्चीवरील बागा तसेच फळबागांमध्ये ही कीड आढळते. अंगावर पिठासारखा मेणचट थर असल्याने तिला हे नाव पडले. अंथरुणातील ढेकूण याच गणातील असला, तरी त्याचे कुल वेगळे आहे.

वर्णन व जीवनक्रम

मादी बिनपंखी, मऊ, लंबगोल व काही मिलिमीटर लांबीची असते. नराला पंखांची एकच जोडी असते. कार्यक्षम मुखांगे नसल्याने तो अन्न घेत नाही व अल्पकाळ जगतो. अनेक जातींची मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार हवेत एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या अंगावर मेण फारसे नसते, त्यामुळे या अवस्थेत कीड सर्वांत लवकर आटोक्यात येते.

प्रादुर्भाव

जास्वंद, क्रोटन, कोलियस, निवडुंग, पेरू, सीताफळ, पपई व द्राक्ष या वनस्पतींवर विविध जाती आढळतात. जास्वंदीवरील गुलाबी पिठ्या ढेकणाचे शास्त्रीय नाव मॅकोनेलिकोकस हिर्सुटस असे आहे. त्याच्या उपद्रवाने शेंडे आखडतात, पाने चुरगळतात व कळ्या गळतात; महाराष्ट्रातील द्राक्षबागांनाही याच जातीचा उपद्रव होतो. काही जाती मातीत राहून मुळांतील रस शोषतात.

कीटकांच्या शरीरातून गोड, चिकट द्रव पाझरतो व त्यावर काळी बुरशी वाढते. हा द्रव खाण्यासाठी मुंग्या येतात आणि त्या बदल्यात किडीचे शत्रूंपासून रक्षण करतात. त्यामुळे झाडावर मुंग्यांची रांग दिसल्यास पानांच्या बगला व खालची बाजू तपासणे उचित ठरते.

नियंत्रण

नवीन रोप दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवल्यास प्रसार टळतो. थोडी कीड असल्यास ती स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढतात व जास्त ग्रासलेले शेंडे छाटून नष्ट करतात. १ लिटर पाण्यात सुमारे ५ मिली कडुनिंबाचे तेल व थोडा द्रवरूप साबण मिसळून सायंकाळी फवारतात. साबणामुळे तेल पाण्यात मिसळते. प्रथम एक-दोन पानांवर फवारून परिणाम पाहिला जातो. अंडी व मेणाखालील कीटक बचावत असल्याने आठवड्याच्या अंतराने फवारणी पुन्हा करावी लागते. कढीपत्ता, तुळस यांसारख्या खाण्यात येणाऱ्या झाडांवर शेतीतील तीव्र कीटकनाशके वापरणे धोक्याचे असते.

मित्रकीटक

क्रिप्टोलीमस माँट्रुझिएरी हा मूळचा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा पिठ्या ढेकणाचा प्रमुख भक्षक आहे. तो भारतात १८९८ मध्ये आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणचट धागे असतात. त्यामुळे ती कीड समजून पुष्कळदा मारली जाते. ही अळी पिठ्या ढेकणापेक्षा बरीच मोठी होते, तिच्या अंगावरील धागे लांब असतात आणि स्पर्श करताच ती चपळपणे चालू लागते. पिठ्या ढेकूण मात्र बहुधा एका जागी चिकटून राहतो. फवारणीपूर्वी हा फरक तपासल्यास झाडाचा रक्षक वाचतो.